डिस्कवरचा कॉमेंटरी ट्रॅक: तयारी, ध्वनिमुद्रण, मिक्स आणि ऑथरिंग

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या फोंड्याच्या एका गटाला स्वतः केलेला १ तास ५२ मिनिटांचा, सेकंदाला २४ फ्रेमचा मराठी चित्रपट मोजक्या प्रतींत डीव्हीडी आणि ब्लू-रेवर काढायचा आहे. दिग्दर्शक, छायालेखिका आणि मुख्य नट अशा तिघांची कॉमेंटरी, म्हणजे चित्रपट चालू असताना ऐकू येणारे त्यांचे भाष्य, ठेवायची आहे. छायालेखिका मडगावची, ती कोकणीतच बोलणार. स्टुडिओ परवडत नाही, घरीच रेकॉर्डिंग करायचे आहे आणि जुलैत सुरुवात करायचा बेत आहे. तर माईक कोणता घ्यावा?

माईकचे उत्तर पुढे येईलच, पण कॉमेंटरी माईकमुळे क्वचितच फसते. तिघे सोफ्यावर बसून चित्रपट बघतात, आठवेल ते बोलतात आणि ते जसेच्या तसे डिस्कवर जाते, तेव्हा ती फसते. कॉमेंटरी ही चित्रपटाची दुसरी ध्वनिपट्टी आहे. पहिलीला जे सोपस्कार केले ते सगळे हिलाही करायचे: फ्रेमशी मेळ, संकलन, मिक्स आणि शेवटी कान लावून तपासणी. नोव्हेंबरात पणजीला इफ्फीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, चित्रपट संपल्यावर जी प्रश्नोत्तरे होतात तो वेगळा प्रकार. तिथे प्रेक्षकाने चित्रपट नुकताच पाहिलेला असतो आणि समोर माणूस असतो. कॉमेंटरी ऐकणाऱ्यासमोर त्या क्षणी एक विशिष्ट चौकट असते, आणि तुम्ही त्या चौकटीबद्दल बोलत नसाल तर तो पाच मिनिटांत बटण दाबून मूळ आवाजाकडे परततो.

ही सोय जन्मली ती डिस्कवर मोकळ्या ध्वनिमार्गामुळे. १९८४ मध्ये क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीने ‘किंग काँग’ची लेझरडिस्क (डीव्हीडीच्या आधीची मोठी डिस्क) काढली, तिच्या दुसऱ्या ॲनालॉग मार्गावर रोनाल्ड हेवर यांचे भाष्य होते. आपल्याकडे बरीच वर्षे घरोघरी व्हीसीडी चालली आणि व्हीसीडीवर स्टिरिओची एकच ध्वनिपट्टी, त्यामुळे दुसऱ्या पट्टीचा विचार करायला वावच नव्हता. डीव्हीडीवर आठ ध्वनिपट्ट्या आणि ३२ सबटायटल प्रवाह मावतात. जागेची चिंता करू नका. १९२ केबीपीएसची (सेकंदाला किलोबिट) डॉल्बी डिजिटल स्टिरिओ कॉमेंटरी तुमच्या चित्रपटासाठी सुमारे १५५ एमबी होते. ४.७ जीबीच्या डिस्कवर ५.१ (सहा मार्गांचा) मूळ ध्वनी ४४८ केबीपीएसने, ही कॉमेंटरी, मेनू आणि थोडी राखीव जागा धरूनही चित्राला सरासरी ४.८ एमबीपीएसच्या आसपास उरतात. ते पुरेसे आहेत. बर्न केलेल्या डिस्कवर एकूण कमाल दर ८ एमबीपीएसच्या खाली ठेवा, कारण जुने प्लेअर त्यावर अडखळतात.

पहिली अट म्हणजे चित्र कुलूपबंद झालेले हवे. ज्या प्रतीवर तुम्ही बोलणार ती डिस्कवर जाणाऱ्या प्रतीशी फ्रेम न् फ्रेम जुळली पाहिजे. नंतर कोणीतरी सुरुवातीला आभाराची दहा सेकंदांची पाटी चिकटवतो आणि सगळी कॉमेंटरी चित्राच्या दहा सेकंद आधी येऊ लागते. अख्खी सरकली तर निदान कळते. मधला एखादा शॉट दीड सेकंदाने छोटा केला तर कळतही नाही, फक्त पुढे सगळीकडे बोलणे चित्राच्या मागून येत राहते. म्हणून अंतिम मास्टरवरूनच एक हलकी फाइल काढा, वर उजव्या कोपऱ्यात टाइमकोड (तास, मिनिट, सेकंद, फ्रेमचा आकडा) छापून घ्या आणि रेकॉर्डिंगपासून मिक्सपर्यंत तीच फाइल वापरा. मोबाइलने किंवा स्क्रीन रेकॉर्डरने केलेली प्रत नको. तिचा फ्रेमदर बदलता असतो.

फ्रेमदराचा मुद्दा तुमच्या बाबतीत खराच अडचणीचा आहे. ब्लू-रेवर २४ फ्रेम चालतात. आपल्याकडची डीव्हीडी पाल पद्धतीची, २५ फ्रेमची, म्हणून चित्रपट तिथे जरा वेगाने पळतो: १ तास ५२ मिनिटांचे १ तास ४७ मिनिटे ३१ सेकंद होतात. पट्टी दुरुस्त न करता तशीच लावली तर शेवटाला कॉमेंटरी साडेचार मिनिटे मागे असेल. रेकॉर्डिंग आणि मिक्स फक्त २४ वर करा आणि तयार मिक्स शेवटी एकदाच बदला. वेग वाढला की स्वरही चढतो, साधारण पाऊण सेमिटोन, म्हणजे अर्ध्या स्वरापेक्षा थोडा कमी. सॉफ्टवेअरने स्वर मूळ जागी आणता येतो, पण मूळ ध्वनिपट्टीला जी वागणूक दिली असेल तीच कॉमेंटरीला द्या. एकीचा स्वर चढलेला आणि दुसरीचा उतरवलेला असेल तर ऑडिओचे बटण दाबताच पार्श्वसंगीत बेसूर झाल्यासारखे वाटते. ब्लू-रे करणाऱ्याला आधीच विचारून ठेवा की तो २४ ठेवणार की २३.९७६. दुसऱ्यात चित्रपट पावणेसात सेकंदांनी लांबतो आणि ध्वनीही तेवढाच ताणावा लागतो.

आता बोलायचे काय. याची तयारी कागदावर होते आणि सगळ्या कामातला सर्वाधिक वेळ इथे जावा. तिघांनी वेगवेगळे बसून, आवाज बंद ठेवून चित्रपट पाहायचा आणि टाइमकोडसह टिपणे काढायची. मग एकत्र बसून एक तक्ता करायचा: कुठून कुठपर्यंत, विषय काय, बोलणार कोण. ११२ मिनिटांत ७५ ते ८० मिनिटे बोलणे झाले तर भरपूर झाले. उरलेला वेळ चित्रपटाला बोलू द्या.

समजा, तुमच्या चित्रपटात रायबंदर–चोडण फेरीवरचा २ मिनिटे ४० सेकंदांचा प्रसंग आहे. बिनतयारीचे बोलणे असे येते: “हा फेरीवरचा सीन, इथे खूप मजा आली, सगळे इतके भिजलो, काय सांगू!” वीस सेकंद गेली आणि ऐकणाऱ्याच्या हाती काही लागले नाही. तक्ता असेल तर हाच प्रसंग वेगळा उलगडतो. पहिल्या रुंद चौकटीत छायालेखिका सांगते की धक्क्याचा ओला भाग एवढा उघडा दिसतो कारण तेव्हा ओहोटी होती आणि दुसऱ्या दिवशीचा शॉट भरतीला घ्यावा लागल्याने चौकट कठड्याच्या वर कापली. पुढच्या जवळच्या शॉटमध्ये नट सांगतो की इंजिनाच्या धडधडीमुळे इथले सगळे संवाद नंतर डब केले, आणि ‘येतोस ना?’ या वाक्यावर ओठांची हालचाल शब्दांच्या किंचित पुढे आहे ते नीट पाहिले तर दिसते. मग दिग्दर्शक गप्प. शेवटच्या वीस सेकंदांत दोन पात्रे नुसती पाण्याकडे बघत आहेत, तिथे कोणीच बोलायचे नाही. ओहोटी, डबिंग, कापलेली चौकट या गोष्टी नुसते बघून कळत नाहीत आणि सांगितल्यावर डोळ्यांना दिसतात. कॉमेंटरीत काय घ्यावे याची माझ्यालेखी हीच कसोटी आहे.

कथा पुन्हा सांगू नका. ऐकणाऱ्याने चित्रपट पाहिलेला आहे. श्रेयनामावली वाचून दाखवू नका, पण तिथे ज्यांची नावे पडद्यावर वेगाने सरकतात त्यांचे नेमके काम सांगायला ती चांगली जागा आहे. गाणे येणार असेल तर त्याबद्दलचे बोलणे गाण्याच्या आधीच्या प्रसंगात उरकून घ्या. गाण्याच्या शब्दांवर बोललेले शब्द पडले की दोन्ही वाया जातात.

भाषेबद्दल: छायालेखिकेला मराठीत बोलायला भाग पाडू नका आणि तिघांनी मिळून इंग्रजीकडे तर मुळीच वळू नका. शूटिंगच्या वेळी ज्या भाषेत काम झाले त्या भाषेतच बारकावे आठवतात. गोव्यातल्या ऐकणाऱ्याला मराठी आणि कोकणीची सरमिसळ नवी नाही. सोलापूर-नागपूरच्या ऐकणाऱ्यासाठी सबटायटलची सोय आहे, ती पुढे सांगतो.

जुलैचा बेत मात्र सोडा. कौलांवर किंवा पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा आवाज सगळ्या स्वरपट्ट्यांत पसरलेला असतो, माणसाच्या आवाजाच्या पट्टीतही. तो गाळणीने निघत नाही, आणि सॉफ्टवेअरने जबरदस्तीने काढला तर बोलणारा पाण्याखालून बोलतोय असे वाटते. रात्री पाऊस थांबला तरी बेडूक आणि रातकिडे थांबत नाहीत. रातकिड्यांचा आवाज साधारण ४ ते ८ किलोहर्ट्झमध्ये बसतो आणि मराठीतले स, श, च नेमके तिथेच असतात. नंतर चवथ (गणेश चतुर्थी) येते: घरोघरी आरत्या, घुमट, फटाके. दिवाळीनंतरचे दिवस सर्वांत बरे, डिसेंबरात फेस्तांचे (चर्चच्या उत्सवांचे) लाउडस्पीकर सुरू व्हायच्या आधी. पावसाळ्यातच करणे भाग असेल तर सिमेंटच्या इमारतीतला मधला मजला आणि आतली खोली शोधा, जिच्यावर छप्पर नाही आणि जिला बाहेरची खिडकी नाही.

वेळ दुपारी दोन ते चारची घ्या. गावाची वामकुक्षी ही आपल्याकडची आयती शांतता आहे. सकाळी आणि संध्याकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा, मासेवाल्याचा हॉर्न, देऊळ आणि इगर्जीच्या (चर्चच्या) घंटा यांतून सलग दहा मिनिटे मोकळी मिळत नाहीत. खोलीत पंखा आणि एसी बंद. उकडणारच, म्हणून दर वीस-पंचवीस मिनिटांनी थांबून दार उघडा. तसेही सलग दोन तास बोललेला आवाज शेवटच्या अर्ध्या तासात थकलेला ऐकू येतो. भिंतींवर गाद्या टेकवा, टेबलावर जाड वाकळ अंथरा, बोलणाऱ्यांच्या पाठीमागे कपड्यांनी भरलेले कपाट किंवा जाड पडदा येईल असे बसवा. वेताच्या खुर्च्या करकरतात. साध्या लाकडी खुर्च्यांवर उशी ठेवून बसा. बांगड्या, किल्ल्या आणि मोबाइल बाहेरच्या खोलीत. तक्त्याचे कागद टेबलावर सुटे मांडून ठेवा, हातात धरून उलटायचे नाहीत.

वीज जाणार हे गृहीत धरा. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, चार्जर काढून ठेवा. अनेकदा घोंघावणारा आवाज चार्जरमधून किंवा स्वस्त इन्व्हर्टरमधून येतो. ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटींवर, म्हणजे १००, १५० वर, तो बसतो. सुरुवातीला एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. बोलण्याची शिखरे उणे १२ डेसिबलवर ठेवली असताना ही शांतता उणे ५५ च्या खाली असावी. नसेल तर पुढे जाऊ नका, आवाज कुठून येतोय ते शोधा. फ्रिज हा नेहमीचा संशयित.

आता माईक. तिघांना तीन डायनॅमिक माईक घ्या, शुअर एसएम५८ च्या जातीचे, आणि चार मार्गांचा साधा ऑडिओ इंटरफेस (माईक संगणकाला जोडणारी पेटी). कन्डेन्सर माईक जास्त बारीक ऐकतो, पण सज्ज न केलेल्या खोलीत तो शेजारच्या घरातली भांडीही ऐकतो. शिवाय आपल्या दमट हवेत त्याच्या पडद्यावर ओल धरली की तडतड सुरू होते. डायनॅमिकला हे त्रास कमी. तोंडापासून १० ते १५ सेंटिमीटर अंतर, माईक तोंडासमोर सरळ न धरता थोडा तिरका, पुढे फोमची टोपी किंवा पॉप फिल्टर. उत्सवी नाटकांत वाढलेल्या नटाचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचायला सरावलेला असतो. त्याला २० सेंटिमीटरवर बसवा आणि त्याच्या मार्गाची पातळी कमी ठेवा. ‘हळू बोल’ असे सांगून काही होत नाही, दोन मिनिटांत तो मूळ पदावर येतो. दोन माईकांमधले अंतर माईक आणि तोंड यांतल्या अंतराच्या निदान तिप्पट हवे, नाहीतर एकाचा आवाज दुसऱ्याच्या माईकमध्ये शिरून पोकळ होतो.

प्रत्येकाचा मार्ग वेगळा रेकॉर्ड व्हायला हवा, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. चित्रपटाच्या पूर्ण लांबीला एका मार्गाची फाइल १ जीबीच्या आत येते. ४४.१ किलोहर्ट्झवर करू नका. ती फाइल कोणीतरी ४८ समजून चालवली की बोलणारे जवळपास ९ टक्के वेगाने बोलू लागतात.

चित्रपटाचा आवाज फक्त हेडफोनमध्ये, आणि हेडफोन बंद पाठीचे. हा नियम कोणत्याही सबबीवर मोडू नका. खोलीत स्पीकर चालू ठेवला की चित्रपटाचा आवाज माईकांत शिरतो. नंतर मिक्समध्ये तोच आवाज खालून येतो आणि दोन्ही काही मिलिसेकंदांच्या फरकाने एकमेकांवर पडून सगळे नळीतून आल्यासारखे होते. यावर इलाज नाही, पुन्हा रेकॉर्ड करणे हाच. हेडफोनमध्येही आवाज हळू ठेवा. मोठा ठेवला तर माणसे नकळत वरच्या पट्टीत बोलतात.

चित्र आणि ध्वनी एकाच टाइमलाइनवर दिसेल असे सॉफ्टवेअर वापरा. रीपरमध्ये ते होते, ऑडेसिटीत व्हिडिओ दिसत नाही. वेगळ्या रेकॉर्डरवर रेकॉर्ड करत असाल तर सुरुवातीला आणि शेवटाला टाळी घ्या. दोन यंत्रांची घड्याळे तंतोतंत चालत नाहीत. दहा लाखांत ५० चा फरक असला तरी तुमच्या चित्रपटाच्या शेवटी सेकंदाचा एकतृतीयांश, म्हणजे आठ फ्रेम घसरतात. तुकड्यातुकड्याने रेकॉर्ड करताना प्रत्येक वेळी पंधरा सेकंद मागे जाऊन चित्रपट सुरू करा, म्हणजे बोलण्याची लय सापडते आणि जोड लपवायला जागा राहते. कोणी परदेशी असेल, आणि गोव्याच्या गटांत एखादा तरी लिस्बन किंवा लंडनला असतोच, तर व्हिडिओ कॉलचा आवाज रेकॉर्ड करू नका. त्याने आपला आवाज आपल्या बाजूला स्वतंत्र रेकॉर्ड करून फाइल पाठवावी. कॉल फक्त एकमेकांना ऐकण्यापुरता. वयस्कर कलाकाराला चित्राबरोबर बोलणे जमत नसेल तर त्याची मुलाखत वेगळी घेऊन तिचे तुकडे योग्य प्रसंगांवर बसवा. अशी जोडलेली कॉमेंटरी अनेकदा सलग कॉमेंटरीपेक्षा सरस निघते.

संकलनात हात आखडता घेऊ नका. ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’, सुरू करून सोडलेली वाक्ये, तिघांचे एकदम हसणे यांतले बरेचसे जाते. श्वास सगळे काढू नका. श्वास नसलेले बोलणे यंत्राचे वाटते, मोठे श्वास फक्त ६ ते ८ डेसिबल खाली आणा. वाक्य चित्राच्या आधी आले असेल तर ते थोडे उशिरा येईल असे सरकवा. चौकट दिसल्यावर अर्ध्या ते एक सेकंदाने तिच्याबद्दलचे वाक्य सुरू झालेले कानाला बरोबर वाटते. जो बोलत नाही त्याचा मार्ग त्या वेळी पूर्ण बंद करा. ८० हर्ट्झखालचे सगळे गाळा. कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारे साधन) हलका, ३:१ पर्यंत, शिखरांवर ४ ते ६ डेसिबल घट पुरे.

मिक्समध्ये चित्रपटाचा आवाज बोलण्याखाली ठेवायचा असतो. त्यासाठी ५.१ वरून स्टिरिओ उतरवा: मधला मार्ग आणि मागचे मार्ग उणे ३ डेसिबलने मिसळा, सबवूफरचा मार्ग सोडून द्या. बोलणे चालू असताना हा थर मूळ पातळीपासून १८ डेसिबल खाली, संवादांवर बोलणे असेल तर २० ते २२. बोलणे थांबले की उणे ६ पर्यंत वर आणा, पूर्ण नको, नाहीतर पुढचे वाक्य दबकत येते. उतार बोलण्याच्या आधी तीन दशांश सेकंदात, चढ एक ते दीड सेकंदात. दोन वाक्यांमध्ये चार सेकंदांपेक्षा कमी जागा असेल तर आवाज वर आणूच नका. सतत खालीवर होणारा आवाज ऐकणाऱ्याला दहा मिनिटांत थकवतो. हे काम सॉफ्टवेअरच्या आपोआप दाबणाऱ्या कॉम्प्रेसरवर सोपवता येते, पण त्याला ‘अं’ आणि वाक्य यांतला फरक कळत नाही. हाताने रेषा ओढा. दोन दिवस जातील आणि ते सार्थकी लागतील. तिघांचे आवाज डावीकडे, मध्ये, उजवीकडे असे किंचित, १५ टक्क्यांपर्यंत, सरकवले तर कोण बोलतोय हे नाव न घेता ओळखू येते. त्याहून जास्त सरकवू नका, हेडफोनवर एका कानात कुजबुज होते.

पातळीचा मेळ संवादाशी घाला. मूळ पट्टीतले संवाद सरासरी उणे २७ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या पातळीचे माप) असतील तर कॉमेंटरीतले बोलणेही तिथेच, एक डेसिबलच्या फरकाने. डॉल्बी डिजिटलच्या एन्कोडरमध्ये डायलनॉर्म नावाचा, संवादांची सरासरी पातळी सांगणारा आकडा असतो आणि इथे बरेच जण अडकतात. तो ३१ ठेवला तर प्लेअर आवाज आहे तसा ठेवतो, २७ ठेवला तर ४ डेसिबलने कमी करतो. मूळ पट्टीला २७ आणि कॉमेंटरीला ३१ असे राहिले तर पातळी बरोबर मिक्स करूनही कॉमेंटरी घरी दणकन वाजते. दोन्हींना मोजलेलाच आकडा द्या.

ऑथरिंग, म्हणजे पट्ट्या, मेनू आणि बटणे जोडून डिस्क बांधण्याचे काम, करणाऱ्याला या सूचना लेखी द्या. डीव्हीडीवर प्रत्येक ध्वनिपट्टीला दोन अक्षरी भाषाचिन्ह लागते आणि शिवाय पट्टीचा प्रकार सांगणारे खूण-अंक असतात. त्यात दिग्दर्शकाच्या भाष्यासाठी ३ हा अंक आहे, तो लावून घ्या. मराठीला ‘एमआर’ हे चिन्ह आहे. कोकणीला दोन अक्षरी चिन्हच नाही, तिला तीन अक्षरी ‘केओके’ आहे, जे ब्लू-रेवर चालते. म्हणून पूर्ण कोकणी पट्टी करणाऱ्याला डीव्हीडीवर भाषा ‘अनिर्दिष्ट’ ठेवून नाव मेनूत लिहावे लागते. तुमची सरमिसळ आहे, तेव्हा ‘एमआर’ लावा आणि मेनूत ‘कॉमेंटरी: मराठी व कोकणी’ असे स्पष्ट लिहा.

दुसरी गफलत भाषेच्या आपोआप निवडीची. बहुतेक घरांत प्लेअरची पसंतीची भाषा इंग्रजीच असते. मूळ पट्टी मराठी आणि कॉमेंटरीला चुकून इंग्रजी चिन्ह, असे झाले की प्लेअर डिस्क घालताच कॉमेंटरी लावतो आणि घरच्यांना वाटते डिस्क बिघडली. शिवाय एकदा कॉमेंटरी निवडून पुन्हा मुख्य मेनूवर आले तरी प्लेअर तीच निवड धरून ठेवतो. दोन्हींवर उपाय एकच: ‘चित्रपट पाहा’ या बटणाच्या आज्ञेत पहिली ध्वनिपट्टी स्पष्टपणे लावायची आणि ‘कॉमेंटरीसह पाहा’ या बटणात दुसरी, सोबत तिचे सबटायटल. ब्लू-रेवर कॉमेंटरी प्लेअरमध्येच मूळ आवाजात मिसळण्याची दुय्यम ध्वनीची सोय आहे, ती वापरू नका. ज्यांचा प्लेअर एचडीएमआयने कच्चा प्रवाह थेट ॲम्प्लिफायरला देतो त्यांना ती ऐकूच येत नाही. तयार मिक्स साध्या, प्राथमिक पट्टीत द्या.

कॉमेंटरीचे सबटायटल स्वतंत्र प्रवाहात हवे, कारण पडद्यावर एका वेळी एकच प्रवाह दिसतो. कोकणी भागापुरते नको, सगळ्या बोलण्याचे करा; ऐकू न येणाऱ्यांनाही कॉमेंटरी वाचता आली पाहिजे. प्रत्येक नवा बोलणारा आला की नावाचे आद्याक्षर. दोन ओळी, ओळीला ३५ अक्षरांच्या आत. डीव्हीडी आणि ब्लू-रेवरची सबटायटले चित्ररूपात असतात, म्हणजे प्लेअरमध्ये देवनागरी फॉन्ट असण्याची गरज नाही. बिघाड होतो तो चित्र तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. ‘प्रसिद्धी’, ‘दृष्टी’, ‘किनाऱ्यावर’ हे शब्द आधी टाकून बघा. पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे आली, जोडाक्षर हलंत होऊन सुटले किंवा ‘ऱ्या’ तुटला, तर ते सॉफ्टवेअर देवनागरी नीट बांधत नाही; सबटायटले दुसरीकडे चित्र म्हणून तयार करून आणा. डीव्हीडीच्या ७२० बाय ५७६ च्या चौकटीत बारीक मात्रा विरतात, म्हणून ठळक वजनाचा फॉन्ट घ्या.

चित्रपट दोन थरांच्या ८.५ जीबीच्या डिस्कवर नेलात तर एक गोष्ट सहसा निसटते. थर बदलताना प्लेअर क्षणभर थबकतो, म्हणून ती जागा मूळ ध्वनीत शांतता असेल तिथे निवडतात. पण मूळ ध्वनीतली शांतता ही कॉमेंटरीवाल्यांची बोलायची हक्काची जागा! जिथे दोन्ही पट्ट्या गप्प आहेत असे ठिकाण मध्याच्या आसपास शोधा, आणि तक्ता बनवतानाच ते राखून ठेवा.

तिघांकडून लेखी संमती घ्या: संकलनाची, डिस्कची आणि पुढे इतर माध्यमांतल्या वापराची. कॉमेंटरीत दुसऱ्या चित्रपटाचे गाणे गुणगुणू नका. पुढे ऑनलाइन नेताना ते काढावे लागते, आणि खाली चित्रपट चालू असताना तेवढाच तुकडा काढणे किचकट काम आहे.

पहिली चाचणी प्रत आली की पूर्ण ऐका, सुरुवातीची पाच मिनिटे नव्हे. एक जुना डीव्हीडी प्लेअर, एक ब्लू-रे प्लेअर आणि एक संगणक असे तिन्हींवर. दर पंधरा मिनिटांनी ऑडिओ बटणाने पट्टी बदलून पातळी आणि मेळ बघा, धडे (चॅप्टर) उड्या मारत बदला, मध्येच मेनूवर जाऊन परत या. तिघांव्यतिरिक्त कोणाला तरी ऐकायला बसवा. कॉमेंटरीत ज्याचे नाव घेतले पण तो कोण हे सांगितलेच नाही, अशी ठिकाणे बोलणाऱ्यांना स्वतःला ऐकू येत नाहीत.

तिघांचे वेगळे मार्ग, चित्रपटाचा उतरवलेला स्टिरिओ थर, २४ फ्रेमचा अंतिम मिक्स, तक्ता आणि संमतीपत्रे दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवा. पुढे ऑनलाइन प्रत करताना कोणाचे एखादे वाक्य काढायचे झाले तर या वेगळ्या मार्गांतूनच काढता येते. बर्न केलेल्या प्रतींवर कागदी स्टिकर लावू नका; दमट हवेत तो फुगतो, डिस्क किंचित वाकते आणि बाहेरच्या कडेला, म्हणजे चित्रपटाच्या शेवटाकडे, वाचन अडखळते. छापता येणाऱ्या पृष्ठभागाच्या डिस्क घ्या आणि खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका.